हरलेल्याला काय दाखवणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी हे गाव 2024च्या विधानसभा निकालानंतर अचानक देशभर गाजले. मतदारसंघात निवडून आलेल्या उमेदवाराला या गावातून 843 मते आणि पडलेल्या उमेदवाराला 1,003 मते, असे मतदान यंत्रांचा (ईव्हीएमचा) आकडा सांगत होता. विजयी उमेदवाराला आपल्या गावात इतकी कमी मते पडली, हे गावातल्या अनेकांना पटेना. त्यांनी 3 डिसेंबरला मतपत्रिका छापून गावापुरते पुन्हा मतदान घेऊन बघायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान बारगळले. पुढे कित्येक दिवस वाहिन्यांवर दोनच वाक्ये घुमत होती. 'लपवण्यासारखे काही नव्हते तर पोलीस कशाला?' हे एक, आणि 'उमेदवार तुमचाच जिंकला ना, मग मशीन खराब कसे?' हे दुसरे. दोन्ही टाळ्या घेणारी आणि दोन्ही कुचकामी. निकाल कळल्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, ईर्षेने केलेले मतदान हा दोन आठवड्यांपूर्वीच्या गुप्त मतदानाचा पुरावा कसा होणार? आणि मतदारसंघाचा निकाल मनासारखा लागला म्हणून एका गावाची मोजणी बरोबरच असणार, हे तरी कुठल्या तर्कात बसते? या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट बाजूला पडली. मारकडवाडीतल्या प्रत्येक मताची एक छापील चिठ्ठी व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्राच्या, पेटीत पडलेली होती. तेवढ्या चिठ्ठ्या मोजल्या असत्या तर वाद एका दुपारीत संपला असता. पण त्या मोजून दाखवा, असे हक्काने म्हणण्याची सोय मतदाराला कायद्यात कुठेच नाही. निवडणूक नियमावलीतल्या नियम 56(ड) नुसार उमेदवार तसा लेखी अर्ज करू शकतो, तोही निकाल जाहीर होण्यापूर्वी, आणि मान्य करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवणार.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. मतदान यंत्रे राहावीत. मतपत्रिकेकडे परत चला ही मागणी मला जुने दिवस विसरल्याचे लक्षण वाटते. पण 'घोटाळा झाला असेल तर सिद्ध करा' हे निवडणूक आयोगाचे ठरलेले उत्तर त्या मागणीपेक्षाही चुकीचे आहे. यंत्रे आयोगाच्या ताब्यात, चिठ्ठ्या आयोगाच्या ताब्यात, चित्रीकरण आयोगाच्या ताब्यात आणि सिद्ध करायचे कोणी, तर मतदाराने! आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा हा न्याय कोर्टात ठीक आहे, पण निवडणूक म्हणजे फौजदारी खटला नव्हे. सोसायटीचा खजिनदार अफरातफरीचा आरोप व्हायची वाट बघत बसत नाही, वार्षिक सभेत स्वतःहून हिशेब मांडतो. विजयी कोण हे सांगणे हे निवडणुकीचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे हरलेल्या बाजूतल्या शहाण्या माणसाला, आपण खरोखरच हरलो, हे कळेल असा पुरावा समोर ठेवणे. आपल्याकडे असा पुरावा 2019पासून लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक मतदान केंद्रावर तयार होतो. तो उघडून बघायचा मात्र आपण कंटाळा करतो.

'हरले की मशीन खराब, जिंकले की मशीन झकास' ही कोटी आता इतकी झिजली आहे की ती करणाऱ्यालाही हसू येत नसावे. तिच्यात तथ्य आहे, हे कबूल. 2009चा पराभव झाल्यावर यंत्रांवर शंका घेणाऱ्यांत लालकृष्ण अडवाणी होते. पुढे भाजपचे प्रवक्ते झालेल्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी 2010 मध्ये यंत्रांच्या विरोधात अख्खे पुस्तक लिहिले. 2017 मध्ये उत्तर प्रदेश आणि पंजाबच्या निकालांनंतर पाळी मायावती आणि केजरीवालांची होती. 2024च्या लोकसभेनंतर अहमदनगरच्या 40 मतदान केंद्रांवरच्या यंत्रांची पडताळणी करा, असा अर्ज दिला तो भाजपचे पराभूत उमेदवार सुजय विखे पाटील यांनी. आणि हे सगळे यंत्रांपासून सुरू झाले असेही नाही. 1971 मध्ये इंदिरा गांधींच्या पक्षाला 352 जागा मिळाल्या, तेव्हा जनसंघाचे बलराज मधोक म्हणाले की मतपत्रिकांवर रसायन लावले होते. मतदाराने मारलेला शिक्का म्हणे उडून जातो आणि गाय-वासरावर, म्हणजे इंदिरा गांधींच्या चिन्हावर, आधीच मारून ठेवलेला उमटतो. हा बाईचा नव्हे, शाईचा विजय, अशा अर्थाची कोटी तेव्हा महाराष्ट्रातही खूप चालली. यावरून बहुतेक लेखक एकच निष्कर्ष काढतात की हरलेला रडतोच, लक्ष देऊ नका. मला उलटे दिसते. पक्ष बदलले, तंत्र बदलले, तरी पन्नास वर्षे हरणारा तीच शंका घेत असेल, तर ती त्याच्या स्वभावावर ढकलून कसे चालेल? शिवाय 1971ची शंका विरली कशी? मधोक लबाड आहेत असे म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये मोजक्या मतपत्रिका प्रत्यक्ष तपासू दिल्या आणि त्यानंतर आरोप टिकला नाही. तपासायला कागद हातात होता.

आता यंत्राच्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे मान्य करू, कारण विरोधक ते नेहमी टाळतात. भारतीय यंत्र कुठल्याही जाळ्याला जोडलेले नसते. 2024 मध्ये मुंबई वायव्यची जागा रवींद्र वायकरांनी 48 मतांनी जिंकली तेव्हा ओटीपीने यंत्र उघडल्याची बातमी पसरली. यंत्राला ओटीपी घेण्याची सोयच नाही, हे कळायला एक दिवसही लागायला नको होता. (त्या निकालाचा खरा वाद टपाली मतांचा होता, त्यावर कोणी फार बोलले नाही.) कुठले यंत्र कुठल्या मतदारसंघात आणि मग कुठल्या केंद्रावर जाणार, हे दोन वेळा सरमिसळ करून ठरते. मतदानाच्या दिवशी सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीपुरते, मतदान होते. यंत्र मिनिटाला चारच्या वर मते घेत नाही. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल त्याने बूथ बळकावणे म्हणजे काय ते आठवावे. बिहारमधल्या बेगुसराय जिल्ह्यातल्या रचियाहीत 1957 मध्ये त्याची सुरुवात झाली असे मानतात आणि पुढची तीन दशके गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबले जात होते. मतपत्रिकेचे गोडवे गाणाऱ्यांनी चंडीगडही विसरू नये. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या महापौरपदाच्या निवडणुकीत खुद्द पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिकांवर पेन चालवून त्या बाद ठरवल्या. कागदावरच, दिवसाढवळ्या.

पण चंडीगडची गोष्ट तिथे संपत नाही. ते आठ कागद आणि कॅमेऱ्यातले चित्रीकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले आणि तीन आठवड्यांत निकाल फिरला. मतपत्रिका वाईट की चांगली, याचे उत्तर या प्रकरणात शोधू नये. चोरी झाली तरी तिचा माग राहतो का, हे त्यात बघावे. इथे यंत्राच्या समर्थकांची बाजू लंगडी पडते. 'उत्पादनाच्या वेळी कुठला उमेदवार कितव्या क्रमांकावर येणार हे यंत्राला ठाऊक नसते' हा त्यांचा आवडता युक्तिवाद व्हीव्हीपॅट येण्यापूर्वी बिनतोड होता. व्हीव्हीपॅटमध्ये मात्र उमेदवारांची नावे आणि चिन्हे मतदानाच्या काही दिवस आधी भरावी लागतात, तीही दोन्ही सरमिसळी आटोपल्यावर. म्हणजे एका टप्प्यावर साखळीतल्या एका उपकरणाला सगळे ठाऊक असते. यातून गैरप्रकार झाला असे मी म्हणत नाही. पण धोका मुळात शक्यच नाही, ही भाषा आता शोभत नाही. 2010 मध्ये हरी प्रसाद आणि दोन परदेशी संशोधकांनी एक भारतीय यंत्र उघडून, हाताशी मिळाले तर त्यात काय करता येते हे दाखवले. व्यवस्थेचे उत्तर काय? यंत्र चोरीचे, म्हणून हरी प्रसादना अटक. नंतर 2017 मध्ये दोन्ही बाजूंनी नाटकच केले. आम आदमी पक्षाने दिल्ली विधानसभेत ईव्हीएमसारखे दिसणारे भलतेच यंत्र 'हॅक' करून दाखवले आणि आयोगाने आव्हान दिले ते असे की यंत्राच्या आतले भाग बदलायचे नाहीत. दोनच पक्ष गेले, दोघांनीही हात लावला नाही, आणि आयोगाने विजय जाहीर केला.

मतदाराचेच बघा. बटण दाबल्यावर काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते. समजा, तिच्यावर भलतेच चिन्ह आले. तर नियम 49(एमए) प्रमाणे त्याने लेखी तक्रार करायची, मग सर्वांसमोर एक चाचणी मत टाकायचे, आणि त्यात चिठ्ठी बरोबर निघाली तर खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाईला सामोरे जायचे. बिघाड अधूनमधून होणारा असेल तर? रांगेतला कोणता मजूर हा जुगार खेळेल? 'तक्रारी जवळजवळ आल्याच नाहीत' हे मग अभिमानाने सांगितले जाते.

खरा प्रश्न नमुन्याचा, म्हणजे किती केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडायच्या याचा आहे आणि त्यावर आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते, बहुधा त्यात गणित आहे म्हणून. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी माग अपरिहार्य आहे असे सांगितले. 2019 मध्ये 21 विरोधी पक्षांनी निम्म्या चिठ्ठ्या मोजा म्हटले, न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रात एकाऐवजी पाच केंद्रे केली. आयोगाच्या पाठीशी भारतीय सांख्यिकी संस्थेचा अहवाल होता: देशभरात 479 यंत्रे तपासली तरी पुरे. हिशेब चूक नव्हता. पण तो सबंध देशाला एक पोते धरून होता. निवडणूक देशाची होते कुठे? ती एकेका मतदारसंघाची होते. महाराष्ट्रात एक लाखाहून थोडी अधिक मतदान केंद्रे आणि 288 मतदारसंघ, म्हणजे सरासरी 350 केंद्रे. समजा, त्यातल्या एकदशांश यंत्रांत गडबड आहे. पाच यंत्रे उचलली तर पाचही चांगली निघण्याची शक्यता 59 टक्के. आता जागा हजाराहून थोड्या कमी मतांनी गेलेली आहे असे धरा. एका केंद्रावर शंभर मते इकडची तिकडे केली की फरक दोनशेने बदलतो, म्हणजे पाच केंद्रांत सगळा निकाल उलटतो. साडेतीनशेतली ती पाच आपल्या पाचांच्या नमुन्यात अजिबात न सापडण्याची शक्यता 93 टक्के. उलट, जागा लाखाच्या फरकाने गेली असेल तर निकाल उलटवायला इतकी केंद्रे बिघडवावी लागतील की पाच चिठ्ठ्यापेट्यांतही ते दिसेल. म्हणूनच राज्यभर सगळी यंत्रे 'सेट' होती, हा जो आरोप चहाच्या टपरीवर ऐकू येतो, तो आजच्या नमुन्यासमोरही उभा राहत नाही. 288 गुणिले पाच म्हणजे 1,440 पेट्या उघडल्या जातात. दहाच मतदारसंघांत एकदशांश यंत्रे बिघडवली तरी 50 पेट्यांत ते लपून राहण्याची शक्यता अर्ध्या टक्क्यावर येते. महायुतीच्या दोनशेतीसच्या आसपास जागा यंत्राने आणल्या असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावे. पण थोडक्यात गेलेल्या एखाद्या जागेबद्दल हाच नमुना आपल्याला जवळजवळ काहीच सांगत नाही. तेव्हा सगळीकडे शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याचीही गरज नाही आणि सगळीकडे पाच मोजून भागतही नाही. फरक कमी तिथे नमुना मोठा, अगदीच कमी तिथे सगळ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 2017पासून याच तत्त्वावर निकाल तपासले जातात.

यावर आयोगाचे उत्तर वेळेचे. निम्म्या चिठ्ठ्या मोजल्या तर निकाल पाच-सहा दिवस लांबेल, असे 2019 मध्ये न्यायालयाला सांगण्यात आले. 2024 मध्ये नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीने 19 एप्रिलला मतदान केले आणि ती यंत्रे 4 जूनपर्यंत, 46 दिवस, स्ट्राँगरूमला कुलूप लावून ठेवली होती. तेव्हा कोणाला घाई नव्हती. आजची पद्धत मतमोजणी केंद्रावर जाऊन पाहावी. शेवटची फेरी झाली, आघाडीचा आकडा फलकावर लागला, बाहेर गुलाल उधळून झाला की आत केंद्र क्रमांकांची कार्डे डब्यात टाकून पाच काढतात. जाळी लावलेल्या, बँकेच्या कॅशियरसारख्या एका कप्प्यात चिठ्ठ्या उमेदवारवार खणांत पडतात, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे होतात आणि एक पेटी संपल्यावर दुसरी उघडते. एका पेटीला साधारण तास. हरलेल्याचे प्रतिनिधी तोवर बहुधा घरी गेलेले असतात. चार टेबले वाढवली तर पाच तासांचे काम एका तासात होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चिठ्ठीवर बारकोड छापून यंत्राने मोजता येईल का ते बघा, असे सर्वोच्च न्यायालयानेच 26 एप्रिल 2024च्या निकालात सुचवले आहे. त्याच निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली गेली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची पडताळणी स्वखर्चाने मागता येईल, एवढी वाट उघडी राहिली. पण आयोगाने तिचा अर्थ लावला तो यंत्रावर नव्याने अभिरूप मतदान घेण्याचा. मूळ माहिती पुसू नका, हे सांगायला न्यायालयाला 2025 मध्ये पुन्हा बोलावे लागले.

'कितीही पुरावा दिला तरी न पटणाऱ्याला पटत नाही' हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अमेरिकेत 2020 मध्ये जॉर्जिया राज्याने सुमारे 50 लाख कागदी मते हाताने पुन्हा मोजली, निकाल तोच आला आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी तो तरीही मानला नाही. मग उपयोग काय झाला? उपयोग हा झाला की त्यांच्याच पक्षाचा, निवडणुकीची जबाबदारी असलेला राज्याचा सचिव (सेक्रेटरी ऑफ स्टेट) ताठ उभा राहू शकला आणि न्यायालयांना दाव्यांसमोर ठेवायला हातमोजणीचा आकडा होता. पुरावा कट्टर माणसासाठी नसतोच, तो काठावर उभ्या असलेल्यांसाठी असतो. व्हेनेझुएलात जुलै 2024 मध्ये याच्या उलट झाले. निवडणूक मंडळाने केंद्रवार आकडे न देता तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो विजयी म्हणून जाहीर केले. पण तिथले यंत्र मतदान संपताच केंद्रावरच निकालपत्र छापते आणि प्रतिनिधींना प्रत मिळते. विरोधकांच्या कार्यकर्त्यांनी 80 टक्क्यांहून अधिक केंद्रांची पत्रे गोळा करून जगासमोर टाकली. तेव्हा सत्ता बदलली नाही, खोटे मात्र उघडे पडले. तिथे यंत्राने मतदाराची बाजू राखली, दगा दिला तो मंडळाने. आपल्याकडे 'यंत्राविरुद्ध लोकशाही' असा जो सामना रंगवला जातो, त्यात हे बसणारच नाही. जर्मनीचे उदाहरण आपले लोक नेहमी देतात, पण अर्धेच. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2009 मध्ये मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, तेव्हा घोटाळा झाल्याचा एकही पुरावा समोर नव्हता आणि 2005चा निकालही रद्द केला नाही. तज्ज्ञ नसलेल्या नागरिकालाही मोजणी पडताळता आली पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. त्या यंत्रांना कागदी माग नव्हता. आपल्या यंत्रांना आहे.

असे असताना दार उघडायचे सोडून आपण ते आणखी लोटत आहोत. डिसेंबर 2024 मध्ये नियम 93 बदलून मतदान केंद्रांचे चित्रीकरण सामान्य माणसाला मागता येणार नाही अशी तजवीज झाली. मे 2025 मध्ये ते चित्रीकरण निकालानंतर 45 दिवसच ठेवायचे ठरले. महाराष्ट्रात 20 नोव्हेंबर 2024ला संध्याकाळी पाचला 58.22 टक्के असलेले मतदान शेवटी 66.05 टक्के झाले. रांगा होत्या, आकडे उशिरा येतात, हे सगळे पटण्यासारखे आहे. पण प्रत्येक केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर 17-सी नमुन्यात एकूण मतांचा आकडा लिहून प्रतिनिधींना देतोच ना? त्या लाखभर कागदांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर टाकली असती तर पुढचे वर्षभराचे तर्कवितर्क टळले असते. मतदार यादीचेही तेच. लोकसभा ते विधानसभा या पाच-सहा महिन्यांत राज्यातले मतदार सुमारे 40 लाखांनी वाढले. कदाचित प्रत्येक नाव खरे असेल. पण यंत्रातल्या घोटाळ्यापेक्षा यादीतला घोटाळा करणे सोपे आणि शोधणे अवघड, हे निवडणूक लढवलेला कुठलाही तालुका पातळीवरचा कार्यकर्ता सांगेल. सगळा राग ईव्हीएमवर निघाल्यामुळे यादीचा प्रश्न किती काळ मागे राहिला!

पक्षांनाही सोडून चालणार नाही. यंत्रांविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या पक्षांना अनेक केंद्रांवर दिवसभर बसणारा प्रतिनिधी मिळत नाही. 17-सीची प्रत घेऊन ती मोजणीच्या दिवशी ताडून बघणे तर दूरच. व्हेनेझुएलातल्या विरोधकांनी दडपशाहीत जे केले, ते आपल्या पक्षांना मोकळ्या हवेत जमत नाही. कष्टाचे काम कोणी करायचे?

आणि या सगळ्यात आपल्या सर्वांत जवळच्या निवडणुकांचे काय? 2025 मध्ये महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका व्हीव्हीपॅटशिवाय घेण्याचे जाहीर केले. बहुसदस्यीय प्रभागांसाठी तशी यंत्रे तयार नाहीत, हे कारण. जिथे नगरसेवक पाच-पन्नास मतांनी पडतो, जिथे एका केंद्रावरची चूक सगळा निकाल पालटते, नेमक्या तिथेच कागद नाही. ही शंका हवेतली म्हणणाऱ्यांनी हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावाचे प्रकरण वाचावे. नोव्हेंबर 2022च्या सरपंचपदाच्या निवडणुकीत एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे अदलाबदल होऊन लिहिले गेले. यंत्र बरोबर होते, लिहिणारा चुकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवून ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या निबंधकांसमोर फेरमोजणी करवली आणि हरलेला उमेदवार 51 मतांनी जिंकल्याचे निघाले. पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षे तोवर उलटून गेली होती.